द्विचल वितरणांची दृश्य तुलना : गाल्टनच्या तक्त्यापासून 'आर' प्रणालीपर्यंत

प्रस्तावना

दोन समूह आहेत आणि प्रत्येक समूहातील व्यक्तींची दोन-दोन मोजमापे हाताशी आहेत. अशा वेळी त्या समूहांची तुलना कशी करावयाची, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकाला सारखाच पडतो. रूढ उत्तर असे की, प्रत्येक समूहाची सरासरी काढावी, जमल्यास सहसंबंध गुणांक काढावा आणि ते आकडे शेजारी शेजारी मांडावेत. या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शेकडो बिंदूंच्या समुदायात जे सांगण्यासारखे आहे ते दोन-चार आकड्यांत उतरले आहे, असे आपण मानून चालतो. हे गृहीत अनेकदा टिकत नाही. ते टिकते की नाही हे पाहण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बिंदूंचा संपूर्ण समुदाय डोळ्यांसमोर मांडणे.

प्रस्तुत लेखात या दृश्य तुलनेचा इतिहास मांडला आहे. तो इंग्लंडात सुरू होतो, भारतातील मानवमितीच्या वादातून जातो आणि आज महाविद्यालयांतील संगणकांवर विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'आर' या संख्याशास्त्रीय प्रणालीपर्यंत पोहोचतो. भारतीय टप्प्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण उघड आहे. तेथे तुलना फुलांची किंवा वाटाण्यांची नव्हती. ती माणसांच्या समूहांची होती आणि तिच्या निष्कर्षांवरून माणसांची प्रतवारी लावली जात होती.

विकीर्ण आकृतीचा जन्म

आलेखांचा जनक म्हणून विल्यम प्लेफेअर याचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे रेषालेख आहेत. परंतु त्याच्या बहुतेक आलेखांत आडव्या अक्षावर काळ आहे. काळ हा दुसरा चल असला तरी तो मोजमाप म्हणून विखुरत नाही, एकामागून एक शिस्तीने येतो. दोन्ही अक्षांवर प्रत्यक्ष निरीक्षणे ठेवून त्यांच्या गर्दीतून संबंध शोधण्याची दृष्टी निराळी आहे. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकाच्या प्रारंभी जोडताऱ्यांच्या कक्षांवरील निबंधात, कन्या तारकासमूहातील गॅमा व्हर्जिनिस या जोडताऱ्याची निरीक्षणे चौकटीच्या कागदावर बिंदूंनी मांडली आणि त्यांतून हाताने एक सफाईदार वक्र काढला. निरीक्षणांतील चुका गणिताआधी डोळ्याने ओळखता येतात, हा त्याचा विश्वास होता. विकीर्ण आकृतीचा, म्हणजे वर्गात आपण ज्याला स्कॅटर डायग्राम म्हणतो त्या आकृतीचा, आरंभ काही इतिहासकार येथे मानतात.

हर्शेलला मात्र विखुरलेपणाचे कौतुक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो निरीक्षणातला दोष होता. विखुरलेपण हाच अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव फ्रान्सिस गाल्टनने दिली.

गाल्टनने १८७५ मध्ये गोड वाटाण्याच्या बियांची आकारमानानुसार पुडकी बांधून मित्रांकडे पेरावयास पाठविली. बियांच्या दोन पिढ्यांची आकारमाने त्याने एकमेकांसमोर मांडली. त्यानंतर १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने मानवमितीची प्रयोगशाळा उघडली व ९,३३७ व्यक्तींची मोजमापे घेतली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो १८८६ मधील उंचीच्या आनुवंशिकतेवरील निबंध. त्यात २०५ मातापित्यांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा एक तक्ता आहे. एका बाजूस आईवडिलांची मध्य उंची, दुसऱ्या बाजूस अपत्याची उंची आणि प्रत्येक चौकटीत तेवढ्या उंचीची किती अपत्ये आढळली तो आकडा.

गाल्टनने या तक्त्यात लगतच्या चार-चार चौकटींची बेरीज करून आकडे थोडे मऊ केले आणि सारखे आकडे असलेल्या जागा रेषांनी जोडल्या. नकाशावर समान उंचीच्या ठिकाणांतून समोच्चरेषा काढतात, तशाच. आत्मचरित्रात तो सांगतो की, रॅम्सगेटजवळच्या एका आडवळणाच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत असता वहीतील आकृती न्याहाळताना त्या रेषा एककेंद्री विवृत्ते आहेत हे त्याच्या ध्यानात आले. केंब्रिजचा गणितज्ञ हॅमिल्टन डिक्सन याच्याकडे त्याने हा प्रश्न शुद्ध गणिताच्या भाषेत पाठविला आणि उत्तर निरीक्षणांशी जुळणारे आले. विवृत्ताला जेथे उभ्या व आडव्या स्पर्शिका लागतात त्या बिंदूंतून दोन समाश्रयण रेषा जातात, हेही त्याच आकृतीतून स्पष्ट झाले. द्विचल प्रसामान्य वितरणाचे सूत्र ब्राव्हे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४६ मध्येच लिहिले होते. परंतु त्याचे चित्र कोणी पाहिले नव्हते. सहसंबंधाची कल्पना सूत्रातून न उगवता चित्रातून उगवली, हे संख्याशास्त्र शिकविणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे आहे. कार्ल पिअर्सनने १८९६ मध्ये सहसंबंध गुणांकाला आजचे गणिती रूप दिले आणि पुढील अर्धशतक तो गुणांकच चित्राच्या जागी बसला.

गाल्टनच्या तक्त्यात एक तडजोड दडलेली होती. मुलींची उंची त्याने १.०८ ने गुणून 'पुरुषांच्या मापात' आणली होती. म्हणजे पुत्र आणि कन्या ही दोन द्विचल वितरणे एका गुणकाच्या जोरावर एकत्र मिसळली होती. जेम्स हॅन्ली यांनी गाल्टनच्या मूळ वह्यांतील नोंदी २००४ मध्ये अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. त्या नोंदी आता 'आर'च्या 'हिस्टडेटा' या पॅकेजमध्ये आहेत. त्यात ९३४ अपत्यांची स्वतंत्र नोंद असून मुलग्यांची सरासरी उंची सुमारे ६९.२ इंच व मुलींची सुमारे ६४.१ इंच येते. या दोहोंचे गुणोत्तर १.०८ हेच आहे. सरासरीपुरता गुणक बरोबर होता. परंतु दोन्ही समुदायांचा पसारा, त्यांचा कल, त्यांच्या कडेचे बिंदू हेही त्याच गुणकाने जुळतात काय, हे गाल्टनच्या छापील तक्त्यावरून विचारताच येत नव्हते. आज दोन रंगांत दोन समुदाय एकाच चौकटीत काढून कोणत्याही विद्यार्थ्याला ते पाहता येते.

एका गुणोत्तराची किंमत

हे सर्व इंग्लंडात घडत असता भारतात हर्बर्ट रिस्ले हा सनदी अधिकारी बंगालमधील जातिजमातींची मोजमापे घेण्यात गुंतला होता. त्याची मानवमितीची आकडेवारी १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ टोपिनार याच्याकडून त्याने नासिका निर्देशांक उचलला. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर, असा तो निर्देशांक आहे. सत्तरहून कमी असेल तर नाक तरतरीत, पंच्याऐंशीहून अधिक असेल तर बसके आणि मधले ते मध्यम. जातींच्या सरासरी निर्देशांकांची क्रमवारी लावून रिस्लेने असा सिद्धांत मांडला की, समूहाचे नाक सरासरीने जितके रुंद तितके त्याचे सामाजिक स्थान खालचे. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक उच्चनीचता नोंदविण्याचा खटाटोप झाला. त्यावर अनेक जातींनी केलेल्या अर्जविनंत्यांचा इतिहास सर्वश्रुत आहे.

रिस्लेच्या सिद्धांताची सामाजिक समीक्षा पुष्कळ झाली आहे. येथे तिच्यातील संख्याशास्त्रीय बाजू पाहावयाची आहे. नाकाची उंची आणि रुंदी ही दोन मोजमापे आहेत; म्हणजे प्रत्येक जातीची आकडेवारी हे मूलतः एक द्विचल वितरण आहे. रिस्लेने त्याचा दोनदा संकोच केला. पहिल्या पायरीवर दोन आकड्यांचे एक गुणोत्तर झाले. पन्नास मिलिमीटर उंच व पस्तीस मिलिमीटर रुंद नाकाचा निर्देशांक ७०. चाळीस मिलिमीटर उंच व अठ्ठावीस मिलिमीटर रुंद नाकाचाही ७०. विकीर्ण आकृतीत हे दोन बिंदू एकमेकांपासून दूर असतात, पण आरंभबिंदूतून निघणाऱ्या एकाच किरणावर असतात. निर्देशांक म्हणजे अशा किरणाचा उतार. किरणावर आपण कोठे आहोत हे तो सांगत नाही. दुसऱ्या पायरीवर शेकडो निर्देशांकांची एक सरासरी झाली आणि समूहाच्या आतील विखुरलेपणही नाहीसे झाले.

या दुसऱ्या संकोचाची किंमत एका कल्पित उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, दोन समूहांच्या सरासरी निर्देशांकांत ३ चा फरक आहे आणि प्रत्येकाचे प्रमाण विचलन ६ आहे. वितरणे प्रसामान्य मानली आणि प्रत्येक समूहातून यदृच्छया एक-एक व्यक्ती उचलून जोडी केली, तर शंभर जोड्यांपैकी सुमारे छत्तीस जोड्यांत क्रम उलटा लागेल. क्रमवारीच्या यादीत मात्र एक समूह स्पष्टपणे वर आणि दुसरा स्पष्टपणे खाली दिसेल. यादीत हे छत्तीस लपतात. आलेखात दोन बिंदुसमुदाय एकमेकांत मिसळलेले समोरच असतात आणि पाहणाऱ्याला सीमा कोठे ओढावी हा प्रश्न पडतो.

रिस्लेच्या आकड्यांची फेरतपासणी दोन भारतीयांनी केली. दोघांचाही जन्म १८९३ चा, हा केवळ योगायोग. त्यांपैकी मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जात आणि वंश यांवरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी रिस्लेची आकडेवारी प्रांतवार वेगळी करून पाहिली. सामाजिक क्रम आणि शारीरिक क्रम यांची सांगड तत्कालीन संयुक्त प्रांतात काही अंशी लागते, इतर भाषिक प्रदेशांत लागत नाही, असे त्यांना आढळले. एकत्र मिसळलेले समूह सुटे करून पाहिले की निष्कर्ष बदलतो, ही घुर्यांच्या विवेचनातील मर्माची गोष्ट होय. तथापि त्यांचे साधन सरासरी निर्देशांक हेच राहिले. त्यांनी वंशाची कल्पनाही सर्वस्वी सोडली नाही, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

नागपूरची भेट आणि अंतराची नवी कल्पना

दुसरे नाव प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूर येथे भरले होते. तेथे प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अ‍ॅननडेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मोजमापे विश्लेषणासाठी महालनोबीस यांच्या हवाली केली. भौतिकशास्त्राच्या या अध्यापकाचा संख्याशास्त्रातील पहिला निबंध त्यातून १९२२ मध्ये निर्माण झाला. १९३३ मध्ये त्यांनी 'संख्या' या आपल्या नियतकालिकात रिस्लेच्या बंगालविषयक आकडेवारीची दुरुस्त आवृत्ती मांडली आणि १९३६ मध्ये 'सामान्यीकृत अंतर' ही कल्पना अंतिम रूपात प्रसिद्ध केली.

ही कल्पना गाल्टनच्या विवृत्तावरून सहज समजते. दोन चल सहसंबंधित असले की बिंदुसमुदाय लांबट असतो. त्याच्या लांबीच्या दिशेने दोन एकक सरकणे ही सामान्य बाब आहे. रुंदीच्या दिशेने तेवढेच सरकलो तर आपण समुदायाबाहेर पडतो. म्हणून दोन समूहांच्या मध्यबिंदूंतील अंतर साध्या पट्टीने मोजून चालत नाही, विवृत्ताच्या आकारानेच मोजावे लागते. पिअर्सनच्या परंपरेतील वांशिक साम्याचा गुणांक चलांमधील सहसंबंध विचारात घेत नव्हता व त्याचे मूल्य नमुन्याच्या आकाराबरोबर बदलत होते. महालनोबीस यांनी हे दोष दूर केले. १९४१ मधील संयुक्त प्रांताच्या मानवमितीय पाहणीत ही पद्धत वापरली गेली; तिचा अहवाल महालनोबीस, धी. ना. मजुमदार आणि सी. आर. राव यांच्या नावे १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातही इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील मानवमितीय मोजमापांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये प्रकाशित केला. मानवशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांनी शेजारी बसून काम करण्याची ती आपल्याकडील लक्षणीय घटना होती.

महालनोबीस अंतर हाही शेवटी एक आकडाच. त्यामागे एक अट आहे : दोन्ही समूहांच्या विवृत्तांचा आकार व कल समान असला पाहिजे. ही अट पुरी होते की नाही हे तो आकडा सांगू शकत नाही. ते चित्रच सांगते.

चित्राचे पुनरागमन

फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांनी १९७३ मध्ये चार लहान आकडेसंच प्रसिद्ध केले. प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, सहसंबंध सुमारे ०.८२ आणि समाश्रयण रेषाही तीच. आकृती काढली की एकात साधा विखुरलेला संबंध, दुसऱ्यात गुळगुळीत वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने तिरकी केलेली रेषा आणि चौथ्यात एकाच बिंदूच्या आधाराने उभा राहिलेला संबंध दिसतो. जॉन टुकी यांच्या १९७७ च्या शोधक विश्लेषणावरील ग्रंथाने या दृष्टीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व सहकाऱ्यांनी 'एस' ही भाषा घडविण्यास प्रारंभ केला. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्या धर्तीवर 'आर' तयार करून १९९३ मध्ये जाहीर केली. १९९५ पासून तिची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली आहे आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती आली. महागडी सॉफ्टवेअर विकत घेणे ज्या महाविद्यालयांना परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने या मुक्ततेचे मोल निराळे सांगावयास नको.

'आर'मध्ये द्विचल वितरणांची तुलना कशी होते, याचे उत्तम उदाहरण तिच्यासोबतच येणाऱ्या आयरिस फुलांच्या नोंदी हे आहे. एडगर अँडरसन यांनी गोळा केलेली ही मोजमापे रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये, म्हणजे महालनोबीस यांच्या निबंधाच्याच वर्षी, वापरली. (ज्या नियतकालिकात ती छापली गेली ते सुप्रजननशास्त्राचे होते. या शास्त्राचे नाव गाल्टननेच १८८३ मध्ये घडविले होते. आपल्या पद्धतींचे हे कुळ विसरता येत नाही.) तीन जातींची प्रत्येकी पन्नास फुले. निदलाची लांबी व रुंदी या दोन चलांचा सर्व दीडशे फुलांसाठी सहसंबंध काढला तर तो किंचित ऋण येतो, सुमारे उणे ०.१२. जातवार काढला तर सेटोसामध्ये ०.७४, व्हर्सिकलरमध्ये ०.५३ आणि व्हर्जिनिकामध्ये ०.४६, तिन्ही धन. बिंदूंना जातीनुसार रंग दिला की कोडे क्षणात सुटते : सेटोसाचा समुदाय डावीकडे वर आहे, उरलेले दोन उजवीकडे खाली आहेत आणि प्रत्येक समुदाय आपल्यापुरता वर चढणारा आहे. प्रत्येक जातीभोवती विवृत्त काढले की सेटोसाचे विवृत्त अरुंद व उभट, इतर दोन पसरट असल्याचे दिसते. महालनोबीस अंतरामागील समानतेची अट येथे पाळली गेलेली नाही, हे आकडा काढण्यापूर्वीच कळते. त्यांच्या नावाचे फलन 'आर'च्या मूळ संचातच आहे. ते चालवण्याआधी हे चित्र काढावे, असा माझा आग्रह आहे.

समूह एकाच चौकटीत रंगांनी वेगळे दाखवावेत की शेजारच्या चौकटींत मांडावेत, हा निवडीचा प्रश्न आहे. समुदाय थोडे असतील तर एकत्र मांडणी बोलकी ठरते. पाच-सहा झाले की रंगांचा गोंधळ होतो व चौकटी बऱ्या. चौकटींच्या मांडणीत सर्वत्र अक्षांचे माप एकच ठेवले पाहिजे, नाहीतर तुलना फसवी होते. 'लॅटिस' हे पॅकेज या कामासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे कर्ते दीपायन सरकार हे महालनोबीस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे विद्यार्थी व पुढे तेथील अध्यापक. हॅडली विकहॅम यांच्या 'जीजीप्लॉट२'ने २००७ नंतर हीच कामे अधिक सुलभ केली. उंचीसारखी मोजमापे पूर्ण इंचात नोंदलेली असतात तेव्हा अनेक बिंदू एकमेकांवर पडतात. गाल्टनचे ९२८ बिंदू साधेपणाने काढले तर कागदावर मोजकेच ठिपके उमटतात. अशा वेळी प्रत्येक बिंदू किंचित हलवणे किंवा ठिपक्यावर जितके बिंदू तितक्या पाकळ्यांचे सूर्यफूल काढणे हे उपाय 'आर'मध्ये आहेत. वितरण प्रसामान्य नसेल तर विवृत्तही दिशाभूल करते. तेथे घनतेच्या समोच्चरेषा किंवा रूसो, रुट्स व टुकी यांनी १९९९ मध्ये सुचविलेली 'बॅगप्लॉट' ही आकृती वापरावी. तिच्यात मधले निम्मे बिंदू एका पिशवीत बांधलेले असतात व दूरचे बिंदू सुटे दिसतात.

समूहाच्या नावाचा प्रश्न

एक प्रश्न मात्र प्रणाली सोडवीत नाही. 'आर'ला समूहाचे नाव असलेला रकाना दिला की ती प्रत्येक नावाभोवती निमूटपणे विवृत्त काढते. नाव फुलाच्या जातीचे आहे, माणसाच्या जातीचे आहे की मोजणाऱ्याने सोयीसाठी पाडलेल्या गटाचे, यात ती भेद करीत नाही. रिस्लेने व्यक्तिगत मोजमापे छापली होती, म्हणून त्यांची फेरतपासणी शक्य झाली. परंतु कोणाला कोणत्या नावाखाली नोंदवावयाचे हा निर्णय मोजपट्टी लावण्यापूर्वीच झालेला होता आणि तो आकडेवारीत दिसत नाही.

या अडचणीतून अंशतः वाट काढणारी एक युक्ती बुया, कुक, विकहॅम व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. समूहांची नावे व्यक्तींमध्ये यदृच्छया अदलाबदल करून एकोणीस खोट्या आकृती काढावयाच्या, त्यांत खरी आकृती कोठेतरी ठेवावयाची आणि जिने ती आधी पाहिलेली नाही अशा व्यक्तीला वीसांतील वेगळी आकृती ओळखावयास सांगावयाचे. पोलीस ठाण्यातील ओळखपरेडीसारखाच हा प्रकार. नावांना मोजमापांच्या दृष्टीने काही अर्थ नसेल, तर खरी आकृती निवडली जाण्याची शक्यता वीसात एक एवढीच असते. जुन्या मानवमितीय ग्रंथांतील एखादा तक्ता संगणकात उतरवून पदव्युत्तर वर्गात ही परेड घेता येईल. इतिहास, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी एका खोलीत बसावे लागेल. तक्ता निवडण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे.